गुडघे धाप लपवतात

प्रश्न : माझ्या सासूबाईंना साताठ वर्षांपासून संधिवात आहे. बोटं, मनगटं, गुडघे, सगळं धरतं. औषधं चालू आहेत आणि त्यांचं तसं बरं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र कोरडा खोकला लागलाय. जिना चढताना मध्येच थांबतात. आम्हाला वाटायचं, गुडघ्यांमुळे. आता डॉक्टरांनी छातीचा सिटी स्कॅन आणि फुंकायची तपासणी सांगितली आहे. दीर म्हणतात, टीबी असेल. शेजारच्या काकू म्हणतात, ती आठवड्याची गोळी फुप्फुसं खाते, आधी ती बंद करा. सांध्यांच्या दुखण्याचा छातीशी खरंच काही संबंध असतो, की उगाच तपासण्या?
— एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : संबंध असतो, आणि अगदी जवळचा असतो. तपासण्या उगाच सांगितलेल्या नाहीत, करून घ्या. अहवाल हातात येऊन डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत दिरांचं आणि काकूंचं, दोघांचंही म्हणणं बाजूला ठेवा. अपवाद एकच. दोन-चार दिवसांत दम झपाट्यानं वाढला किंवा ताप आला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि आठवड्याची पुढची गोळी घ्यायची की थांबवायची, हे तिथंच विचारा.

आपल्याकडे गुडघा दुखला की सरसकट संधिवात म्हणतात. वयानं गुडघ्यातली कूर्चा झिजते ते दुखणं वेगळं. त्याचा फुप्फुसांशी काही संबंध नाही. तुमच्या पत्रावरून सासूबाईंना आहे तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दिसतो. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडलेले राहतात. वैद्य मंडळी यालाच बहुधा आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षणव्यवस्था घरच्यांवरच उलटते. सांध्यांत ती सगळ्यात ठळकपणे दिसते, पण तिथंच थांबत नाही. डोळे कोरडे पडतात, रक्त कमी होतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर बिघडतात आणि फुप्फुसंही सुटत नाहीत. या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या पाठोपाठ फुप्फुसांचे आजार येतात, पण घरात बोलणं सगळं बोटांचं आणि गुडघ्यांचं होतं.

हा आजार किती जणांना असतो? पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. दवाखान्यात येणाऱ्यांची नव्हे, गावातल्या सगळ्या प्रौढांची. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे दोनशे माणसांत एक. पनवेल महापालिकेच्या हद्दीत काही लाख लोक राहतात. भिगवणचा हिशेब इथं लावला तर हजार-दोन हजार रुग्ण सहज होतील. त्यांच्यातल्या साधारण दहांतल्या एकाला जाणवण्याइतका फुप्फुसविकार होतो असं धरलं, तर तुमच्यासारखी शे-दोनशे घरं याच शहरात असावीत. बारकाईनं स्कॅन केला तर दिसणारे बदल त्याहून पुष्कळ जास्त जणांत सापडतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ते कधीच त्रास देत नाहीत.

फुप्फुसांत नेमकं होतं काय? एकच गोष्ट होत नाही, हीच अडचण. फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन छातीत पाणी जमू शकतं. कोपरावर येतात तशा गाठी फुप्फुसात येऊ शकतात. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यात कफ साठून राहतो. पण डॉक्टरांना सगळ्यात धास्ती असते ती वायुकोशांच्या भिंतींची. हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरतो तो या अतिशय पातळ भिंतींमधून. त्यांना सूज आली, मग त्या जाड झाल्या, मग तिथं व्रण धरला, की ऑक्सिजनची वाट अडते. याला आयएलडी म्हणतात. तुमच्या चिठ्ठीवर कदाचित हीच तीन अक्षरं असतील. सूज असेल तिथं स्कॅनवर धूसर, काचेवर वाफ धरल्यासारखे डाग दिसतात आणि औषधांनी ते पुष्कळदा मागे हटतात. व्रण असेल तिथं फुप्फुसाच्या खालच्या भागात पोळ्यासारखी जाळी दिसते. ती मागे हटत नाही. दुर्दैवानं ऱ्हुमॅटॉइडमध्ये हा दुसरा प्रकार बऱ्यापैकी आढळतो. स्कॅनचा आग्रह याचसाठी असतो. साध्या एक्स-रेवर हा फरक कळत नाही आणि सुरुवातीचा आजार तर एक्स-रेवर दिसतही नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ मध्ये मिळून जी मार्गदर्शक सूत्रं जाहीर केली, त्यांत जोखीम असलेल्या रुग्णांची चाचपणी सिटी स्कॅन आणि फुंकायच्या तपासणीनं करावी, एक्स-रेवर विसंबू नये, असं म्हटलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलंय.

हे नवीन निघालेलं फॅडही नाही. फिलिप एलमन आणि आर. ई. बॉल या दोन इंग्रज डॉक्टरांनी सांधे आणि फुप्फुसं एकत्र धरलेले रुग्ण १९४८ मध्येच नोंदवून ठेवले. पुढं १९५३ मध्ये अँथनी कॅप्लन यांना वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या एक्स-रेमध्ये वेगळाच प्रकार दिसला. ज्यांना सांध्यांचा हा आजार होता, त्यांच्या फुप्फुसांत गोल गोल गाठी होत्या, आणि काहींत तर गाठी आधी दिसल्या, सांधे नंतर धरले.

कॅप्लनचे खाणकामगार मला पनवेलच्या वाचकांपुढं मुद्दाम आणायचे आहेत. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका श्वासात गेली की सिलिकोसिस होतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. तीच धूळ ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचीही जोखीम वाढवते, हे फारसं कुणी सांगत नाही. पनवेल-उरण पट्ट्यात दगडखाणी आणि खडी क्रशर वर्षानुवर्षं चालले आहेत, तळोज्याला कारखाने आहेत, बांधकाम तर थांबलेलं कुणी पाहिलेलं नाही. सासूबाईंनी किंवा घरातल्या कुणीही अशा ठिकाणी काम केलं असेल, तर डॉक्टरांनी न विचारता सांगा. चुलीपुढं किती वर्षं गेली, हेही सांगा. मशेरीबद्दलही सांगा. कोकणातल्या जुन्या पिढीतल्या बायका ती ‘दातालाच लावते’ म्हणून तंबाखूत धरत नाहीत. पण ती तव्यावर भाजताना निघणारा धूर छातीतच जातो.

धुराचा मुद्दा एवढ्यासाठी, की अनेक रुग्णांमध्ये या आजाराची सुरुवात सांध्यांत नव्हे तर फुप्फुसांतच होत असावी, असं आता संशोधकांना वाटतं. मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वांत चक्रावणारी गोष्ट वाटते. धुरानं किंवा धुळीनं फुप्फुसात सतत दाह होत राहिला की तिथल्या काही प्रथिनांच्या रचनेत छोटासा रासायनिक बदल घडतो. आर्जिनिन नावाच्या घटकाचं सिट्रुलिन होतं. संरक्षणव्यवस्थेला ते प्रथिन परकं वाटू लागतं आणि ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. सासूबाईंच्या जुन्या रिपोर्टात ‘अँटी-सीसीपी’ म्हणून आकडा असेल, तो याच प्रतिपिंडांचा. स्वीडनमधल्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं, की विशिष्ट जनुकीय ठेवण दोन्ही पालकांकडून आलेल्या माणसानं सिगारेट ओढली, तर या प्रतिपिंडांसह होणाऱ्या संधिवाताची त्याची जोखीम, ती ठेवणही नसलेल्या आणि सिगारेटही न ओढणाऱ्या माणसाच्या सुमारे २१ पट होते. रक्तपेढ्यांत जपून ठेवलेली जुनी रक्तं तपासली तेव्हा तर असं निघालं, की ही प्रतिपिंडं पहिला सांधा सुजायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असतात. काही रुग्णांत फुप्फुस आधी बिघडतं आणि सांधे मागाहून, ते बहुधा यामुळेच. विडी-सिगारेट कधी हातात न धरलेल्या बायकांनाही हा आजार होतो, हेही तितकंच खरं. ऱ्हुमॅटॉइड बायकांत पुरुषांच्या साधारण तिप्पट, पण त्यातला फुप्फुसविकार प्रमाणानं पुरुषांत जास्त. वय, तंबाखू आणि अँटी-सीसीपीचा चढा आकडा यांनी जोखीम वाढते.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य: ‘आम्हाला वाटायचं, गुडघ्यांमुळे.’ जवळजवळ प्रत्येक घरात असंच वाटतं, आणि आजार उशिरा कळायचं सगळ्यात मोठं कारण हेच. फुप्फुसांची क्षमता आपल्या रोजच्या गरजेपेक्षा खूप जास्त असते. तिचा बराच भाग निकामी होईपर्यंत बसलेल्या माणसाला काहीही जाणवत नाही. धाप लागायला आधी माणसानं भरभर चालायला हवं, जिने चढायला हवेत. संधिवाताचा रुग्ण तेच तर सोडून देतो. पनवेल स्टेशनचा पूल टाळून तो लिफ्टपाशी थांबतो, बाजारात जायला रिक्षा करतो, गच्चीवर पापड घालायला सुनेला पाठवतो. धाप लागण्याची वेळच येत नाही. आणि लागलीच, तर दोष द्यायला गुडघे तयार असतातच. त्यात आपल्या सासवांची ती सवय: दुखतं हे सांगतील, दम लागतो हे सांगणार नाहीत, कारण दम लागणं म्हणजे वय झाल्याची कबुली.

म्हणून ‘दम लागतो का?’ असं विचारू नका. ‘नाही’ हेच उत्तर येईल. विचारा, ‘गेल्या दिवाळीत करत होता त्यातलं आता कोणतं काम सोडलंत?’ जिन्यात थांबल्या की त्यांच्याशी बोलून पाहा. पाय दुखले म्हणून थांबलेलं माणूस थांबल्या थांबल्या गुडघ्यांच्या नावानं तक्रार सुरू करतं. दम लागलेलं माणूस आधी दोन-चार श्वास घेतं आणि मग बोलतं. याला शास्त्रीय कसोटी म्हणू नका, पण घरच्या घरी पुष्कळ कळतं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर काढा. बसलेल्या स्थितीत आकडा घ्या, मग झेपेल तसं पाच-सहा मिनिटं सपाटीवर चालवून पुन्हा घ्या. बसून ९७ आणि चालून ९२ असेल, तर बसलेल्या ९७ वर समाधान मानायचं कारण नाही. तो फरक डॉक्टरांना सांगा. बोटं गार असली, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश असलं, तर यंत्र चुकीचं दाखवतं. शिवाय या रुग्णांची बोटं वाकडी झालेली असतात, तेव्हा जे बोट यंत्रात नीट बसतं त्यावरच लावा.

डॉक्टर पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून ‘जोरात श्वास घ्या’ म्हणतात तेव्हा ते एका विशिष्ट आवाजाच्या शोधात असतात. बीपीच्या पट्ट्याचा वेल्क्रो सावकाश सोडवताना येतो तसा तो आवाज. व्रण धरलेल्या फुप्फुसाची ती जुनी खूण आहे.

दिरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. इथं खोकला म्हटल्यावर टीबी आठवणं हा शहाणपणाच आहे. संधिवाताची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. काही जैविक इंजेक्शनांच्या बाबतीत तर हे इतकं पक्कं ठाऊक आहे, की ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. माझा आक्षेप आहे तो तपासणीविना टीबीची औषधं सुरू करण्याला. छातीत पाणी झालं, त्यात पेशी जास्त, प्रथिनं जास्त, एडीए नावाचा आकडा वाढलेला. लगेच सहा महिन्यांचा कोर्स. पण ऱ्हुमॅटॉइडमुळे झालेल्या पाण्यातही एडीए वाढू शकतो. त्या पाण्यातली साखर मात्र बहुधा अगदी तळाला गेलेली असते, कधी ३० मिलिग्रॅमच्याही खाली. टीबीतही ती घटते, पण सहसा इतकी नाही. नुसत्या आकड्यांवर निवाडा होत नाही. थुंकीची किंवा पाण्याची जनुकीय चाचणी, गरज पडली तर आवरणाचा तुकडा काढून तपासणी, असं करत जावं लागतं. सासूबाईंच्या बाबतीत थुंकी तपासलीच पाहिजे. टीबी निघाला तर त्याच्यावर खात्रीची औषधं आहेत. नाही निघाला, तर ‘असेलच’ म्हणून उपचार करू नयेत. त्यात महिने जातात, आणि तेवढ्या काळात फुप्फुसाचा व्रण वाढत राहू शकतो.

काकूंची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. तिच्याबद्दलची भीती हवेतून आलेली नाही. क्वचित कुणाला या गोळीची फुप्फुसात तीव्र प्रतिक्रिया येते. बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या आतच, ताप, खोकला आणि झपाट्यानं वाढणारी धाप घेऊन. तेव्हा गोळी तिथल्या तिथं थांबवावी लागते. सुरुवातीला सांगितलेला अपवाद तो हाच. पण अनेक वर्षं गोळी घेतल्यानं फुप्फुसात हळूहळू व्रण होतो, ही जी समजूत डॉक्टरांमध्येही बराच काळ होती, तिला गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांनी आधार दिलेला नाही. उलट काही अभ्यासांत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत हा फुप्फुसविकार उशिरा आल्याचं दिसलं. याचा अर्थ सरळ आहे. दोष पुष्कळदा आजाराचा असतो आणि गोळीच्या माथी मारला जातो. ती परस्पर बंद केली की दीड-दोन महिन्यांत सांधे पुन्हा भडकतात, मग कुणीतरी स्टिरॉइड देतं, आणि सगळी घडी विस्कटते. आधीच खराब फुप्फुस असलेल्याला ती द्यावी की नाही, याबद्दल तज्ज्ञ अजूनही सावध असतात. पण तो निर्णय स्कॅन पाहून त्यांनी घ्यायचा.

या गोळीचा खरा धोका सांगायचा तर तो वेगळाच आहे. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली जाते. तोंडात फोड, रक्तपेशी घसरणं, जिवावर बेतणं, इथपर्यंत जातं ते. वार ठरवा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या वारांना गोल करा आणि त्या दिवसाची गोळी एकाच माणसानं काढून द्यायची असा घरात नियम ठेवा.

तिच्या जोडीला जी पिवळी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचं मूळ आपल्याच मुंबईत आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गरीब गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. त्यात गिरण्यांत काम करणाऱ्या बायका होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त सुधारलं, असं त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कात होतं ते काय, हे दशकभरानं कळलं: फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट याच फॉलिक ॲसिडची वाट अडवून काम करतं, म्हणून त्याचे दुष्परिणाम आवरायला वरून फॉलिक ॲसिड द्यावं लागतं. सासूबाई ती गोळी ‘साधी व्हिटॅमिनची’ म्हणून टाळत असतील, तर टाळू देऊ नका.

आणखी एक. डॉक्टर कबुतरांबद्दल, एअर कूलरबद्दल, भिंतीला आलेल्या ओलीबद्दल विचारतील. विषय भरकटला असं समजू नका. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १,०८४ रुग्णांची जी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात जवळजवळ निम्मे, ४७ टक्के, रुग्ण अशा श्वासातून जाणाऱ्या गोष्टींच्या ॲलर्जीचे होते. संधिवाताच्या कुळातल्या आजारांचे १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे संधिवात आहे म्हणून फुप्फुसविकार संधिवाताचाच, असंही धरून चालत नाही. खिडकीच्या जाळीत कबुतरानं घरटं केलं असेल तर ते सांगा. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून एवढं रान पेटलं, त्यात ही वैद्यकीय बाजू बरीचशी झाकली गेली.

याच पत्रात खाली बारीक अक्षरात आणखी काही प्रश्न होते. त्यांची थोडक्यात उत्तरं.

प्रश्न : निघालाच फुप्फुसाचा आजार, तर बरा होतो का?

उत्तर : सूज असेल तर बऱ्याच अंशी आवरता येते. त्यासाठी स्टिरॉइड, मायकोफेनोलेट, रिटुक्झिमॅब अशी औषधं वापरतात. कोणतं, किती, हे स्कॅनवर आणि सांध्यांच्या अवस्थेवर ठरतं. व्रण पुसला जात नाही. तो वाढत असेल तर वाढीचा वेग कमी करणारं निंटेडॅनिब नावाचं औषध आहे. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत ६६३ रुग्ण होते, त्यांत ऱ्हुमॅटॉइडचेही होते, आणि फुप्फुसांची क्षमता घटण्याचा वेग या औषधानं कमी झाला. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास. यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ते भारतात मिळतं आणि भारतीय कंपन्यांचंही मिळतं. पण सगळ्यांनाच एवढ्या औषधांची गरज नसते. अनेकांचा फुप्फुसविकार वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो आणि सहा-आठ महिन्यांनी फुंकायची तपासणी करत राहणं एवढंच पुरतं. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून जरूर द्या. खराब फुप्फुसाला साधा संसर्गही महागात पडतो.

प्रश्न : आम्ही मूळचे पनवेलचेच, घरात आयुर्वेदावर विश्वास. ते औषध चालेल का?

उत्तर : धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासून ज्या गावात आहे, तिथं हा प्रश्न येणारच. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि भिगवणची पाहणी करणाऱ्या चोप्रांनीच पुण्यात आयुर्वेदिक औषधांच्या रीतसर चाचण्याही घेतल्या आहेत. सांध्यांच्या दुखण्यासाठी वैद्यांचा सल्ला घ्यायचा तर घ्या. फुप्फुसातला व्रण कुठल्या आयुर्वेदिक औषधानं थांबतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं दाखवा, कारण मेथोट्रेक्सेट यकृताला तापवतं आणि काही काढेही तेच करू शकतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले काही रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. पण आठवड्याची गोळी घेणाऱ्या माणसानं त्या वादात स्वतःवर प्रयोग करू नये. परवाना क्रमांक असलेल्या बाटलीबद्दल मी हे बोलतोय. कागदात बांधलेली, नाव-गाव नसलेली, ‘चार दिवसांत उठून बसाल’ म्हणून दिलेली पुडी असेल, तर ती आधी बंद करायची नाही आणि पुढं चालूही ठेवायची नाही. ती घेऊन थेट डॉक्टरांकडे जायचं. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि महिनोन्महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळतो.

प्रश्न : इथली दमट हवा सोडून काही दिवस पाचगणीला ठेवलं तर? आणि दुबईच्या लेकीकडे विमानानं नेऊ का?

उत्तर : हवापालटाची कल्पना टीबीवर औषध नव्हतं त्या काळातली, पाचगणीला तेव्हा क्षयरुग्णांना ठेवत. पावसाळ्यात सांधे जास्त ठणकतात असं पुष्कळ रुग्ण सांगतात, पण आजार हवेनं होत नाही आणि हवेनं जात नाही. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्याला तिथं उलट जास्त धाप लागू शकते. विमानाचंही तेच. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. चालल्यावर आकडा घसरत असेल तर तिकीट काढण्याआधी छातीच्या डॉक्टरांना विचारा. लागलाच तर विमानात ऑक्सिजनची सोय आधी कळवून करता येते. आकडा घसरत नसेल तर खुशाल न्या, फक्त आठवड्याची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.

प्रश्न : हे आनुवंशिक आहे का? माझ्या मिस्टरांची आत्तापासून तपासणी करून घेऊ का?

उत्तर : आई-वडिलांपैकी कुणाला असेल तर मुलांची जोखीम इतरांपेक्षा काही पट जास्त असते, पण मुळात आजारच दोनशेत एकाला; काही पट होऊनही बहुतेकांना तो होत नाही. लक्षणं नसताना आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून घेण्यात अर्थ नाही, नुसती झोप उडते. आरए फॅक्टर तर ठणठणीत माणसांतही कधी कधी वाढलेला सापडतो. मिस्टर सिगारेट ओढत असतील तर जनुकांपेक्षा तिचा विचार आधी करा, कारण या जोखमीतला बदलता येणारा मोठा भाग तोच आहे. आणि कधी सलग काही आठवडे सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहिली, मूठ वळेना, हाताचे छोटे सांधे सुजलेले दिसले, तर तेव्हा मात्र संधिवाततज्ज्ञाकडे जा. तिथं उशीर न झालेला बरा.